पुढे कर ना

नाशिकरोडहून परत येताना द्वारका चौकात अडकलो होतो. द्वारकेला अडकणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण त्या दिवशी पाऊस होता, पुढे कांद्याचा ट्रक होता, आणि बंद काचांच्या आत ओल्या छत्रीचा आणि लेकीच्या डब्यातल्या उरलेल्या पोळीभाजीचा वास कोंडला होता. माझा फोन तिच्या हातात. गाडीत बसलं की गाणी ती निवडणार, हे आमचं ठरलेलं. तिनं रिहानाचा आवाज लावला आणि पहिल्याच ओळीला मी गाणं ओळखलं, 'लव्ह द वे यू लाय'. मागच्या सीटवरून दहा वर्षांचा कोवळा गळा रिहानाच्या गळ्यात मिसळून वर चढला, एकही शब्द न चुकता. मग रॅपर एमिनेम आला, त्याचे दोन शब्द झाले असतील नसतील, आणि गाणं तुटलं. तिनं बोटानं ते पुढे सरकवलं होतं, थेट पुढच्या ध्रुपदापर्यंत. ते संपलं, पुन्हा तो आला, पुन्हा बोट. साडेचार मिनिटांचं गाणं दीड मिनिटात संपलं. मी विचारलं, "अगं, मधलं का काढतेस?" तर म्हणाली, "आई, तो माणूस बोलायला लागला की पुढे करायचं. मग परत गाणं येतं."

ट्रक हलला, मीही निघाले. घरी आल्यावर भाजी फोडणीला टाकताना, रात्री गॅलरीतले कपडे आत घेताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मला राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नीट काहीच वाटत नव्हतं. राग यासाठी की जो माणूस माझ्या सतराव्या वर्षी माझ्या कानात राहायला होता, तो माझ्या लेकीच्या हिशेबी दोन ध्रुपदांच्या मधला अडथळा होता. आणि सुटल्यासारखं यासाठी की ती जे पुढे सरकवत होती, ते तिनं ऐकू नये असंच मला वाटतं. त्या कडव्यांत एक पुरुष बाईवर हात उचलतो, माफी मागतो, परत उचलतो, आणि शेवटी ती पुन्हा निघाली तर पलंगाला बांधून घर पेटवीन म्हणतो. रिहाना गाते ती त्या बाईची बाजू. गाणं २०१० सालचं. त्याच्या आदल्याच वर्षी रिहानाला तिच्या त्या वेळच्या जोडीदारानं मारलं होतं आणि तिच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो जगभर फिरला होता. ते ध्रुपद मुळात स्कायलर ग्रे हिनं लिहिलेलं. एका बाईनं लिहिलं, मार खाल्लेल्या दुसरीनं गायलं, आणि द्वारकेच्या कोंडीत माझी लेक ते अंगाईसारखं गोड म्हणत होती.

कडवी काढून टाकली की त्यातला मारच निघून जातो.

२००२ साली मी अकरावीत होते. आमचं घर पंचवटीत, काळाराम मंदिरापासून पाच मिनिटांवर. पहाटे काकडा, संध्याकाळी आरती, आणि मधल्या वेळात वडिलांच्या पेटीचा भाता. मावसभावानं शालिमारच्या फूटपाथवरून एक एमपीथ्री सीडी आणली होती. दीडशे गाणी, वर मार्करनं फक्त 'इंग्लिश मिक्स' लिहिलेलं. त्यात हिंदी पॉप होतं, बॉय बँडवाले होते, आणि मध्येच हा एमिनेम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक शब्द कळला नाही. मी मराठी माध्यमातली. इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायची वेळ आली की तळहात ओले व्हायचे. पण हा माणूस इंग्रजीला भीत नव्हता, ती भाषा तो दगडासारखी फेकत होता. कॉलेजरोडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी त्याच्या गाण्यांचे शब्द छापून आणले, आणि गोधडीत टॉर्च लावून शब्दकोश घेऊन बसले. डेट्रॉइट नावाचं शहर, फिरती घरं, भाडं थकलेली आई, नोकरीवरून काढलेला बाप झालेला पोरगा. आमच्याकडे सातपूरच्या कंपन्यांतून तेव्हा माणसं घरी बसत होती, त्यामुळे त्यातलं बरंच मला शब्दकोशाशिवाय कळलं. आणि यमकं! एका ओळीत पाच-पाच, आतल्या आत, साखळीसारखी. मोरोपंतांची आर्या शिकवताना सर जे फळ्यावर खुणा करून दाखवायचे, ते मी त्याच्या कागदांवर पेन्सिलीनं करत बसायचे. त्याचा 'द मार्शल मॅथर्स एलपी' हा अल्बम निघाला तेव्हा, २००० साली, पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या १७ लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या हे मला फार नंतर कळलं. मला तेव्हा वाटायचं हा मला एकटीलाच सापडलाय.

अण्णांचं भजनी मंडळ होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. दिवसा कंपनीत फिटर, एकादशीला आणि गुरुवारी मंडळाचे गायक. काळी पाचमध्ये गायचे. ज्यांनी वारकरी भजन जवळून ऐकलंय त्यांना ती पट्टी म्हणजे काय ते ठाऊक आहे, मानेच्या शिरा दिसतात. मी लहान असताना पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायचं काम माझं होतं. घट्ट मळलेली कणीक बोटांनी थापत जायची, आणि पखवाजवाले काका थाप मारून मान हलवेपर्यंत थोडी काढ, थोडी लाव. ते सुरू झालं की गोल बसलेल्या टाळकऱ्यांच्या मधोमध मी. एकदा विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही एक ओळ म्हणता आणि मग हे सगळे तीच का म्हणतात? आम्हाला ऐकू आलीय की." अण्णा म्हणाले, "ते झील धरतात म्हणून मी गाऊ शकतो. श्वास कुठं घेऊ नाहीतर?" शाहिराच्या मागे जी जी रं जी करणारे झीलकरी असतात त्यांचंही तेच, म्हणाले. म्होरक्या दम लावून ओळ टाकतो, झीलकरी ती हवेत धरून ठेवतात, तेवढ्यात त्याची छाती भरते.

म्हणून एमिनेमचं 'स्टॅन' ऐकलं तेव्हा ते मला लगेच ओळखीचं वाटलं. डायडो या गायिकेच्या आधीच्या एका गाण्याचा तुकडा उचलून त्यावर ते उभं केलंय. खिडकीबाहेर पाऊस, गार झालेला चहा, थकलेला बाईचा आवाज, आणि मग वेड्या चाहत्याचं पत्र, कागदावर पेन्सिल खरडल्याच्या आवाजासकट. प्रत्येक पत्राला तो जास्त चिडत जातो आणि डायडो मात्र तिथंच, त्याच पट्टीत, त्याच पावसात. झील अशी असावी. ती गाण्यापेक्षा मोठी होत नाही, आणि ती नसेल तर गाणं कोसळेल.

पुढच्या सगळ्या वर्षांत मी त्याच्यावर चिडत आले, ते हे प्रमाण बिघडलं म्हणून. 'एन्कोर' हा अल्बम २००४ चा. त्यातली काही गाणी आधीच फुटली, घाईनं दुसरी बनवावी लागली, आणि नशेच्या गोळ्यांनी त्याचं डोकं तेव्हा ताब्यात घेतलं होतं, हे त्यानंच पुढे सांगितलं. २००६ च्या एप्रिलमध्ये त्याचा जिवाभावाचा मित्र प्रूफ डेट्रॉइटमध्ये गोळी लागून गेला. २००७ च्या शेवटी मेथाडोन हे औषध जास्त झाल्यानं हा स्वतः मरता मरता वाचला. २००९ चा 'रिलॅप्स' जवळजवळ सगळा त्याचा जुना प्रोड्यूसर डॉ. ड्रे याच्या बीट्सवर आहे, काळाकुट्ट, आणि त्यात हा विचित्र हेल काढून बोलतो. लोकांनी नाकं मुरडली, पुढच्या अल्बममध्ये त्यानंही त्यावर पाणी सोडलं. मला मात्र तो आजही आवडतो, कारण त्यात नुकताच शुद्धीवर आलेला माणूस कुणाला आवडून घ्यायच्या फंदात पडलेला नाही. आणि मग २०१० चा 'रिकव्हरी'. ड्रेचं एकच गाणं उरलं. बाकी नवे प्रोड्यूसर, भिंतीएवढे कीबोर्ड, मैदानात वाजवायचे ड्रम्स, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्याला आभाळाएवढं ध्रुपद. पिंक आली, रिहाना आली. हा मध्ये ओरडतो. पूर्वी तो कानाशी येऊन बोलायचा, आता पाचव्या मजल्यावरून हाक मारल्यासारखा. रिहानाबरोबरचं ते गाणं अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि अंबडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ज्यांना रॅप म्हणजे काय माहीत नव्हतं तीही पोरं ते गुणगुणायला लागली. मला ते सहन होत नव्हतं. आणि घरी एकटी असले की मीही तेच लावत होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

'रिव्हायव्हल' हा अल्बम आला १५ डिसेंबर २०१७ ला. लेक तीन वर्षांची नव्हती अजून. तिला थोपटून झोपवलं, कानात इअरफोन घातले, नाशिकची ती डिसेंबरची बोचरी थंडी, खिडकीला आतून धुकं. १९ गाणी, सव्वा तासाहून जास्त. पहिलं बियॉन्सेबरोबरचं 'वॉक ऑन वॉटर'. नुसता पियानो, ड्रम नाहीत, आणि मध्ये कागद चुरगाळून फेकल्याचे आवाज. आपल्याला आता पूर्वीसारखं जमत नाही, लोक मात्र प्रत्येक वेळी चमत्कार मागतात, हे तो त्यात कबूल करतो. ते अनेकांना रडगाणं वाटलं. मला त्यातले ते कागद खरे वाटले. पण त्यापुढे जे सुरू झालं ते मी एका बैठकीत ऐकू शकले नाही. एड शीरन, अलिशिया कीज, केलानी, परत पिंक. एका गाण्यात जोन जेटचं 'आय लव्ह रॉक अँड रोल' जसंच्या तसं उचलून त्यावर पांचट विनोद. दुसऱ्यात क्रॅनबेरीजचं 'झॉम्बी'. रिक रुबिनसारख्या जाणत्या प्रोड्यूसरचा हात असून गिटारचे तुकडे नुसते चिकटवलेले, ड्रम पोकळ. प्रत्येक ध्रुपद आलं की वाटायचं आता सिनेमाचा शेवट आहे, दिवे लागणार, आणि मग परत तेच. त्याचं बोलणंही तुटक झालेलं, शब्द तासून तासून एका मापाचे केल्यासारखे. अक्षरं मोजलेली कळत होती. नऊ-दहा गाण्यांनंतर मी झोपून गेले. उरलेली दोन दिवसांनी, कपडे इस्त्री करताना ऐकली. आणि शेवटच्या दोन गाण्यांना इस्त्री बाजूला ठेवून खाली बसले. 'कॅसल'मध्ये तो लेकीला पत्रं लिहितो, ती जन्मायच्या आधीपासूनची, आणि शेवटचं लिहून गोळ्या घेतो. 'अरोज'मध्ये तो इस्पितळात पडलाय, मागे बेट मिडलरचं 'द रोज' येतं, लेकीचा वाढदिवस चुकणार हे त्याला कळतंय, आणि मग वेळ उलटी फिरते, पुन्हा त्याच रात्री जाते, आणि या वेळी तो गोळ्या संडासात टाकतो. इतकं चांगलं त्यानं पंधरा वर्षांत केलं नव्हतं. आणि ते कुठं ठेवलं, तर अठराव्या आणि एकोणिसाव्या जागी, जिथपर्यंत माझ्यासारखीलाही पोचायला दोन दिवस लागले. अनेकांनी त्याआधीच पुढे केलं असेल.

अण्णांच्या मंडळातही ऑक्टोपॅड आला होता. माझं कॉलेज संपत आलं होतं तेव्हा. टाळकरी गळत होते. कुणी गेलं, कुणाचे गुडघे गेले, नव्या पोरांना गणपतीतला नाशिक ढोल पाहिजे होता, मांडी घालून बसणं नको होतं. एका एकादशीला अण्णांसमोर सात माणसं उरली. पुढच्या महिन्यात अण्णांनी अभंगाला सिनेमातली चाल लावली. मी मागे उभी होते. पोरं आली होती, ऑक्टोपॅडवर काड्या पडत होत्या, टाळ्या पडत होत्या, आणि बायका माना हलवत होत्या, पण ओठांवर त्यांच्या सिनेमातलेच शब्द. पखवाजवाले काका त्या दिवशी कणीक न मागताच पखवाजाला खोळ घालून निघून गेले, ते परत आले नाहीत. घरी मी अण्णांना वाट्टेल ते बोलले. तुम्ही बाजार मांडला, म्हणाले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला शब्द फार सहज सापडतात, आणि माझ्याकडे तर ते छापून आणलेले होते. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी सातच्या पाळीला निघून गेले.

ती भांडणं मिटली, आपोआप, घरातली मिटतात तशी. पण मला कळायला फार वेळ लागला की त्याच काळात अण्णांची पट्टीही उतरत होती. काळी पाचवरून काळी चार, मग काळी दोन. सिनेमाच्या चाली मधल्या सप्तकात बसतात, तिथं गळा ताणावा लागत नाही. त्यांनी पोरांसाठी चाल बदलली की स्वतःच्या घशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. चाल मला आजही आवडत नाही. ती वाईटच होती, अभंगाच्या शब्दांवर घट्ट बसलेल्या दुसऱ्याच्या सदऱ्यासारखी. पण मंडळ अजून आहे.

एमिनेमकडे परत येते. 'रिव्हायव्हल'वर सगळीकडून दगड पडल्यावर २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यानं काही न सांगता 'कामिकाझे' काढला. टीकाकारांना, नव्या पोरांना, सगळ्यांना शिव्या. एका पोराबद्दल वापरलेला शब्द जरा जास्तच झाला, हे नंतर त्यानंच मान्य केलं. लोक खूष झाले, जुना परत आला म्हणाले. मला नाही वाटलं. वेग होता, धार होती, पण सेहेचाळिशीला टेकलेला माणूस विशीतल्यांशी गल्लीत भांडतोय हे बघताना अंग चोरावंसं वाटलं. वेगाचं तर त्याला व्यसनच लागलंय. 'रॅप गॉड' या २०१३ च्या गाण्यात सहा मिनिटांत १,५६० शब्द आहेत, गिनेस बुकात त्याची नोंद आहे. ऐकताना तोंडात बोट जातं, आणि संपल्यावर एक ओळ आठवत नाही. 'रॅप गॉड'च्याच अल्बममधलं 'हेडलाइट्स' मात्र मला पाठ आहे. २००२ मध्ये ज्या आईला त्यानं गाण्यात उभं चिरलं, त्याच आईची त्यात माफी मागितलीय. गोड, गुळगुळीत, रेडिओवर चालेल असं ध्रुपद आहे त्याला. पूर्वीची मी ते ध्रुपद ऐकूनच नाक मुरडलं असतं. पण ती माफी त्या गोडव्याशिवाय त्याच्या तोंडून निघाली असती का, हे मला खरंच सांगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आई गेली. माफी अकरा वर्षं आधी मागून झाली होती.

आणि ज्या गोष्टीमुळे द्वारकेचं ते वाक्य मला इतकं टोचलं, ती लिहायलाच हवी. २००० च्या त्या अल्बमवर एक गाणं आहे, बायकोच्या नावाचं. त्यात तो तिला मारतो, शेवटपर्यंत. ते मी एकदाच पूर्ण ऐकलं, गोधडीत, आणि त्यानंतर दर वेळी ते आलं की बटण दाबायचे. त्याच्या यमकांवर खुणा करणारी मी, त्याच्या खरेपणाबद्दल मैत्रिणींशी भांडणारी मी, ते गाणं सतराव्या वर्षीही पुढे करत होते. म्हणजे मीही माझा एक एमिनेम कापून ठेवला होता, मला झेपेल एवढा. त्यात बाईचा आवाज डायडोचा होता. किंकाळी नव्हती.

परवा श्रावणातली एकादशी झाली. अण्णा आता पंचाहत्तरीला आलेत, गळा बसलाय, मंडळात पुढे एक तरुण मुलगा गातो. अण्णा टाळ घेऊन दुसऱ्या ओळीत बसले होते. मुलानं ओळ टाकली की अण्णा मान खाली घालून थांबायचे आणि ध्रुपद आलं की सगळ्यांबरोबर उचलायचे, तेवढंच. चाल कुठल्यातरी सिनेमाची होती. संपल्यावर त्यांना आमच्याकडे न्यायचं म्हणून गाडीत पुढे बसवलं. होळकर पुलावर त्यांनी सवयीनं विचारलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय. मी म्हटलं, कमरेला. रविवार कारंजाच्या पुढे लेक मागून म्हणाली, गाणं लावू? मी म्हटलं, आज मी लावते, आणि अशोक स्तंभाच्या सिग्नलला फोन घेऊन 'टेम्पररी' लावलं, त्याच्या २०२४ च्या अल्बममधलं. ध्रुपद पुन्हा स्कायलर ग्रेचंच. सुरुवातीला त्याच्या लेकीचा लहानपणचा आवाज आहे, घरी टेप केलेला. मग तो बोलायला लागतो. पन्नाशी ओलांडलेला आवाज, जाडसर, घाई नसलेला.

"आई, पुढे कर ना," लेक म्हणाली.

"हा काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं. अण्णांना इंग्रजी येत नाही. मी सांगितलं, त्याच्या लेकीला सांगतोय, मी गेल्यावर हे ऐक म्हणून. तिचं २०२४ मध्ये लग्न झालं. व्हिडिओत ती त्याला एक जर्सी देते, मागे आजोबा लिहिलेली. अण्णा काही बोलले नाहीत. गंगापूररोडला पाऊस परत सुरू झाला, वायपर फिरायला लागले. अण्णांचं डोकं किंचित काचेकडे कललं होतं, दुसऱ्या कुणाचं भजन ऐकताना कलतं तसं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "हा श्वास कुठं घेतो?"

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात स्कायलर ग्रेचा आवाज आला.

"हां," अण्णा म्हणाले, आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. मागे लेक झोपली होती की ऐकत होती, आरशात कळत नव्हतं. ध्रुपद संपलं, तो परत बोलायला लागला, आणि अण्णांची बोटं थांबली, पुढचं येईपर्यंत.